एक रुपयाच्या पीकविम्यासाठी पहाटे रांगेत बसणारे बाबा आता विमा का भरत नाहीत?

पत्र असं आलंय (थोडं छाटून देतो):

"काका नमस्कार. मी पुण्यात जॉब करते, माहेर धाराशिव जिल्ह्यात. बाबांची चार एकर कोरडवाहू, सगळं सोयाबीन, मध्ये तुरीचे पट्टे. एक रुपयात पीकविमा होता तेव्हा बाबा पहाटेच सेवा केंद्रावर जाऊन बसायचे. २०२५ ला परत विमा रकमेच्या दोन टक्के भरायचे झाले तर भरलाच नाही, आणि नेमकं सप्टेंबरात शेत पाण्याखाली गेलं. यंदा मी म्हटलं पैसे मी देते, दीड-दोन हजार म्हणजे आमच्या एका डिनरचं बिल, तर एवढे चिडले की विचारू नका. म्हणाले कंपनीचं पोट भरायचं असंल तर तुझ्या पगारातनं भर, माझ्या सातबाऱ्यावर नको. २०२० ला काढून ठेवलेलं सोयाबीन भिजलं होतं, विमा भरलेला होता, तरी हातात काही आलं नाही, ते अजून डोक्यात आहे त्यांच्या. भाऊ म्हणतो बाबांना विम्याचं महत्त्वच कळत नाही, कुणीतरी समजावून सांगायला पाहिजे. मग त्यांना न सांगता ऑनलाईन भरून टाकू का? — एक लेक, पुणे"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, नाहीतर हे वाचता वाचता तुम्ही दुसऱ्या टॅबमध्ये फॉर्म उघडून बसाल. न सांगता भरू नका. मानापमान वगैरे राहू द्या बाजूला, प्रॅक्टिकलीच ते बसत नाही. शेतकरी ओळखपत्र बाबांचं, आधारला जोडलेलं खातं बाबांचं, ओटीपी येणार तो त्यांच्या मोबाईलवर, आणि ई-पीक पाहणी (कोणतं पीक किती क्षेत्रात आहे ते ॲपवर नोंदवणं) करायची तर शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो. तुम्ही पुण्यात बसून चार एकर सोयाबीन लिहिणार आणि बाबांनी पाहणीत तीन एकर सोयाबीन, एक एकर तूर दाखवली की झालं, अर्जातलं आणि पाहणीतलं जुळलं नाही म्हणून पुढे अडकणार. म्हणजे बाबांचं म्हणणं आणखी पक्कं होणार, की बघ, भरला तरी मिळत नाही.

दुसरं, तुमच्या पत्रात एक गोष्ट लिहिलेलीच नाही, बाबांचं पीककर्ज आहे का? जिल्हा बँकेचं असो नाहीतर राष्ट्रीयीकृत बँकेचं. २०२० च्या खरिपापासून विमा सगळ्यांना ऐच्छिक झालाय हे खरं, पण कर्जदार शेतकऱ्याने मुदतीच्या सात दिवस आधी बँकेत "मला नको" असं लेखी दिलं नाही तर बँक हप्ता कापून विमा भरून मोकळी होते. त्यामुळे आधी पासबुक बघा. २०२५ चंही बघा. बाबा म्हणतायत मी भरला नाही आणि बँकेने भरलाय असं पण असू शकतं, मी असे किती लोक बघितलेत ज्यांना आपला विमा होता हेच माहिती नव्हतं. आणि बँकेतून एकदा आणि सेवा केंद्रातून एकदा असं डबल करून ठेवू नका, एकाच पिकाचे एकाच क्षेत्राचे दोन अर्ज चालत नाहीत.

मी शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या विकास सोसायटीत गटसचिव म्हणून नोकरी केली, म्हणून हे कापाकापीचं प्रकरण मला आतून माहितीय. आमच्या काळात विम्याचा हप्ता कर्ज वाटतानाच वळता करून घ्यायचो, सभासदाला विचारायचा प्रश्नच नसायचा. वरती रिपोर्ट जायचा की एवढ्या शेतकऱ्यांनी विमा घेतला. घेतला कसला, कापला! आणि नुकसानभरपाई आली तर तीही त्याच कर्ज खात्याकडे बघत यायची. त्यामुळे बाबांच्या पिढीतल्या माणसाला विमा ही आपण विकत घेतलेली वस्तू वाटत नाही, तो बँकेचा एक खर्च वाटतो, शेअर्सची रक्कम कापतात, व्याज कापतात, तसा विमा कापतात. हे एकदा डोक्यात घेतलं की पुढचं बरंच सोपं जातं.

आता तुमच्या भावाचं म्हणणं. बाबांना महत्त्व कळत नाही. मला विचाराल तर घरात हिशोब सगळ्यात नीट कळतो तो बाबांनाच. पीकविम्याला मागणी कशामुळे येते यावर शहरात सगळे एकच बोलतात, जनजागृती करा, शिबिरं घ्या, रथ फिरवा. अहो मराठवाड्यात विमा माहीत नाही असा शेतकरी दाखवा मला. टपरीवर "विमा पडला का" हा प्रश्न "पाऊस पडला का" च्या खालोखाल विचारला जातो. माणूस विमा भरतो की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं: मागच्या वेळी गावात कुणाच्या खात्यावर पडला का, हप्ता मागतात तेव्हा खिशात पैसे आहेत का, आणि माझ्या शेतातलं नुकसान झालं तर ते यांच्या कागदावर उमटणार आहे का. नुकसानीची भीती सगळ्यांनाच असते, तिच्यावरून काही ठरत नाही.

एक रुपयावालं आधी घेऊ कारण तुमचा खरा गोंधळ तिथे आहे. २०२३ च्या मार्चमध्ये तेव्हाचे अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बजेटात जाहीर केलं, शेतकऱ्याचा हिस्सा राज्य सरकार भरणार, शेतकऱ्याने फक्त एक रुपया द्यायचा. २०२२ च्या खरिपात राज्यात सुमारे ९६ लाख अर्ज होते ते २०२३ च्या खरिपात सुमारे १ कोटी ७० लाखांवर गेले. आता एका वर्षात लोकांना विम्याचं महत्त्व दुप्पट कळलं असं म्हणायचं का? फुकट आहे, लागला तर लागला, या हिशोबाने सगळे भरत होते आणि त्यात चूक काहीच नव्हतं, मी पण भरला. वरून सेवा केंद्रवाल्याला अर्जामागे ४० रुपये मिळायचे, मग काही ठिकाणी काय काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल, सरकारी जमिनीवर विमा, देवस्थानाच्या जमिनीवर विमा, जिथे कांद्याची काडी लावली नाही तिथे कांद्याचा विमा. त्याची शिक्षा शेवटी खऱ्या शेतकऱ्याला झाली, २०२५ च्या खरिपापासून एक रुपया बंद, परत खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड, नगदी पिकाला पाच. आणि अर्ज धाडकन खाली आले.

पण ताई, बाबांनी भरला नाही ते फक्त हजार-दोन हजारांसाठी असं मला वाटत नाही, कारण त्याच वर्षी दुसरी एक गोष्ट बदलली जी शहरात फार कुणी बोललं नाही. आधी विमा चार-पाच वाटांनी मिळायचा. पेरणीच झाली नाही तर, हंगामाच्या मध्येच पावसाचा मोठा खंड पडला तर २५ टक्के अग्रिम, गारपीट किंवा पाणी साचून तुमच्याच शेताचं नुकसान झालं तर, आणि काढून ठेवलेलं पीक १४ दिवसांच्या आत भिजलं तर. २०२३ च्या ऑगस्टमध्ये २१ दिवसांच्या वर पाऊस गायब होता तेव्हा कलेक्टरांनी अधिसूचना काढल्या आणि बऱ्याच लोकांना तो २५ टक्के अग्रिम मिळाला, खूप ठिकाणी उशिरा मिळाला पण मिळाला. २०२५ ला राज्याने हे सगळे जादा ट्रिगर, म्हणजे भरपाई मिळायच्या या वाटा, काढून टाकल्या आणि फक्त पीक कापणी प्रयोगावर (निवडलेल्या शेतात थोडं पीक कापून, वजन करून उत्पादन काढतात त्यावर) येणारी भरपाई ठेवली. म्हणजे एकीकडे किंमत वाढली आणि दुसरीकडे माल कमी झाला. बाजारात असं कुणी केलं तर आपण दुकान बदलतो, बाबांनी तेच केलं. दुर्दैव असं की त्याच सप्टेंबरात मराठवाडा पाण्याखाली गेला, आणि सरकारला ऑक्टोबरात ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर करावं लागलं. (यातून शेतकरी काय शिकला? की लई मोठं संकट आलं तर सरकार काहीतरी देतंच, मग हप्ता कशाला. हे पण मागणी मारणारं एक कारण आहे. पण एनडीआरएफच्या, म्हणजे केंद्राच्या आपत्ती मदत निधीच्या, निकषाने कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये आणि तेही पंचनाम्यात नाव आलं तर, त्यात बियाण्याची आणि खताची गाठ पडत नाही हे बाबांना पण माहितीय.)

आता २०२०. हे जखमेचं ठिकाण आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. त्या ऑक्टोबरात तुमच्या जिल्ह्यात, तेव्हाचं उस्मानाबाद, काढणीला आलेलं आणि काढून ठेवलेलं सोयाबीन पावसाने खाल्लं. विमा भरलेला होता. पण नियम असा की नुकसान झाल्यापासून ७२ तासात कंपनीला कळवायचं, ॲपवर नाहीतर टोल फ्री नंबरवर. लाईट नाही, रेंज नाही, नंबर लागत नाही, माणूस गंजीवरची ताडपत्री धरून उभाय, तो ॲप कधी उघडणार? कळवलं नाही म्हणून लाखो शेतकऱ्यांना नकार आला. प्रकरण हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठात गेलं आणि मे २०२२ मध्ये शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल लागला, पैसे द्या म्हणून. म्हणजे बाबा त्या वेळी जे म्हणत होते ते कोर्टाने पण मान्य केलं. पण तोपर्यंत मधला अख्खा एक खरीप होऊन गेला, आणि नंतरही पैसे सुप्रीम कोर्टाच्या चकरा मारून तुकड्या-तुकड्यांनी आले. त्यातलं काही बाबांच्या खात्यावर येऊन कर्जात जिरलं का, हे पण पासबुकात शोधा. सापडलं तर बाबांना दाखवा, नाही सापडलं तरी त्यांना सांगा की तुमचं खरं होतं. हे वाक्य त्यांना घरात कुणी म्हटलेलं नसणार.

विमा ही अशी वस्तू आहे की पैसे आज द्यायचे आणि माल मिळणार की नाही ते नंतर कळणार, म्हणून ती सगळी विश्वासावर चालते. तिकडे महबूबनगर आणि अनंतपूरला, तेव्हाच्या आंध्रात, पावसावर आधारलेला विमा वीसेक वर्षांपूर्वी विकायला आणला होता आणि संशोधकांनी गावोगाव फिरून कोण घेतो कोण नाही ते तपासलं. आपल्याला वाटेल जो घाबरट, जपून वागणारा, तो आधी घेईल. निघालं उलटं. जोखमीला भिणाऱ्यांनीच कमी घेतला, कारण त्यांच्या लेखी विमा हीच एक नवी जोखीम होती, कंपनी कोण, देईल का, माहिती नाही. आणि ज्यांची विकणाऱ्या संस्थेशी आधीपासून ओळख होती त्यांनी जास्त घेतला. बाबा त्यातलेच आहेत, एकदा हात पोळलेले आणि जपून वागणारे.

बरं, आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, जो तुमच्या भावाला पण माहिती नसणार. बाबांच्या शेताचा विमा हा बाबांच्या शेताचा नसतोच. तो मंडळाचा असतो. महसूल मंडळातल्या, म्हणजे आसपासच्या काही गावांच्या गटातल्या, सगळ्या सोयाबीनची सरासरी काय आली त्यावर सगळ्यांना एकच टक्केवारी. वर्गाची सरासरी बघून एकट्या पोराला पास-नापास करावं तसं. ही पद्धत काही कंपन्यांनी लबाडीने आणलेली नाही बरं का, पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर यांनी सत्तरच्या दशकात मांडलेली आहे, कारण त्याआधी एकेका शेतकऱ्याच्या शेतावर विमा द्यायचा प्रयत्न झाला होता आणि तो परवडलाच नाही, कोण कोण कुणाच्या बांधावर जाऊन मोजणार. दांडेकरांच्या कल्पनेवर १९७९ ला प्रायोगिक योजना आली, १९८५ ला देशभर, आणि २०१६ च्या पंतप्रधान पीकविमा योजनेचा कणा पण तोच आहे.

हिशोब दाखवतो, आकडे समजा म्हणून घेतलेत, तुमच्या मंडळाचे खरे आकडे कृषी सहायकाकडे नाहीतर तालुका कृषी कार्यालयात मिळतील. समजा सात वर्षांचं मंडळाचं सरासरी उत्पादन हेक्टरी किलोत असं आहे: १६००, १४५०, ९००, १५००, १७००, ११००, १४००. यातली दोन खराब वर्षं सोडून चांगली पाच घ्यायची, सरासरी आली १५३०. त्याला जोखीमस्तर (सरासरीचा किती भाग विम्यात धरायचा तो) ७० टक्के लावला की १०७१. हे झालं उंबरठा उत्पादन, मंडळ याच्या खाली गेलं तरच भरपाई. यंदा मंडळात ११०० किलो आलं तर एक रुपया मिळणार नाही, जरी चांगल्या वर्षापेक्षा सव्वाचार क्विंटल कमी आलेलं असलं तरी. ८०० आलं तर तूट २७१, म्हणजे उंबरठ्याच्या साधारण २५ टक्के, आणि विमा संरक्षित रक्कम (जास्तीत जास्त मिळू शकते ती) हेक्टरी ५८,००० असेल तर हेक्टरी साडेचौदा हजारांच्या थोडं वर. तुमच्या चार एकराला, म्हणजे १.६ हेक्टरला, साडेतेवीस हजारांच्या आत-बाहेर. हप्ता दोन टक्क्यांनी हेक्टरी ११६०, चार एकराला १,८५६. बाबांच्या शेतात शंभर टक्के गेलं काय आणि दहा टक्के गेलं काय, मंडळ २५ टक्के म्हणालं की सगळ्यांना २५.

हे मोजतात कसं ते एकदा बाबांसोबत जाऊन बघाच, उघड्यावर चालतं सगळं. कृषी सहायक नाहीतर तलाठी नाहीतर ग्रामसेवक, ज्याच्याकडे गाव असेल तो, निवडलेल्या गटात जातो, ठरलेल्या आकड्याने पावलं मोजून कोपरा धरतो, खुंट्या ठोकून दोरी ताणतो, तेवढा चौकोन विळ्याने कापायचा, तिथंच ताडपत्रीवर झोडपायचा, उफणायचा आणि काट्यावर घालायचा. सरपंच, पोलीस पाटील आणि कंपनीचा पोरगा बाजूला उभे. मी बघितलेला एक प्रयोग असा होता की दोरीच्या आतली दोन झाडं धरायची की बाहेरची यावर कंपनीचा पोरगा आणि गावकरी पाऊण तास भांडत होते, कारण त्या वजनावरून सगळ्या मंडळाचं ठरणार हे दोघांना बरोबर माहीत होतं. आता भात, कापूस, सोयाबीनला उपग्रहावरून काढलेला अंदाज पण त्यात मिसळतात. तो नेमका कसा निघतो हे गावात कुणालाच सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही त्यावर लोक पैसे लावायला कचरतात, यात अडाणीपणा कुठे आला?

म्हणून बाबांना विचारायचा खरा प्रश्न असा, की "बाबा, ज्या वर्षी आपलं गेलं त्या वर्षी मंडळाचं पण गेलं का?" शेत नदीकाठी असेल, दरवर्षी फक्त आपल्याच पट्ट्यात पाणी साचत असेल, नाहीतर हरणं आणि रानडुकरं फक्त आपल्याच शिवारात येत असतील, तर नुसत्या मंडळाच्या सरासरीवर चालणारा विमा तुमच्या कामाचा फार नाही, बाबा बरोबर आहेत. (जंगली जनावरांचं नुकसान २०२६ च्या खरिपापासून स्थानिक आपत्तीत (म्हणजे एकट्याच्या शेताच्या नुकसानीत) धरू असं केंद्राने जाहीर केलंय, पण तुमच्या जिल्ह्याला काय लागू आहे ते राज्याचा यंदाचा जीआर वाचूनच ठरवा, व्हॉट्सॲपवरच्या पोस्टवर जाऊ नका.) पण पावसाचा खंड, येलो मोझॅक रोग, काढणीच्या वेळचा सततचा पाऊस, असं सगळ्या मंडळाला एकदम लागणारं नुकसान हेच आपलं मुख्य दुखणं असेल, आणि मराठवाड्यात कोरडवाहू सोयाबीनचं बहुतेक तसंच असतं, तर मग गणित पलटतं.

पलटतं कसं बघा. फक्त आपलंच पीक गेलं तर भावकी आहे, सोयरे आहेत, शेजारी बियाण्याची बॅग उसनी देतो, मामा पाच हजार देतो, तुम्ही पुण्यातून देता. हा पण विमाच आहे, बिनकागदाचा, आणि तो गावात शेकडो वर्षं चाललाय. पण सगळ्या मंडळाचं गेलं की भावकी पण बसलेली, सोयरे पण बसलेले, मजुरीला काम नाही, आणि जनावरं बाजारात नेली तर सगळेच विकायला आलेले म्हणून भाव पडलेला. त्या वर्षी फक्त बाहेरून येणारा पैसा कामाचा. मंडळाचा विमा नेमका त्याच वर्षी पडतो, निदान पडायला पाहिजे. बाबांच्या उसनवारीला तो जोड आहे, तिच्या जागी येणारी वस्तू नाही. हे असं कुणी त्यांना सांगितलं नसणार, त्यांना सांगितलं गेलं "तुमच्या पिकाला संरक्षण", आणि मग आपलं पीक गेल्यावर पैसे आले नाहीत म्हटल्यावर ते याला फसवणूकच म्हणणार ना. योजना विकताना जेवढं खोटं बोललं गेलं तेवढं तिचं वाटोळं कंपन्यांनी पण केलं नसेल.

आणि १,८५६ रुपयांची किंमत खरं तर तेवढीच नाहीये. राहिलेला हप्ता केंद्र आणि राज्य भरतं. हप्त्याचा खरा दर काय असतो याचा अंदाज यावरून घ्या, की २०२० पासून केंद्राने सांगितलं, कोरडवाहूला ३० टक्क्यांपर्यंतच्या दरावरच आम्ही आमचा वाटा देऊ, त्याच्या वरचं राज्याने बघावं. ३० टक्क्यांची मर्यादा घालायची वेळ येते म्हणजे काही जिल्ह्यात दर कुठे गेले असतील. त्यामुळे मी तुमच्या जागी असतो आणि मंडळाचा इतिहास वर सांगितला तसा दिसला असता, तर सोयाबीनचा विमा भरला असता. कंपनी आवडते म्हणून नाही, एवढ्या सबसिडीचं दुसरं काही कोरडवाहूवाल्याच्या वाट्याला येत नाही म्हणून.

मग न भरण्यात पैशाचा काहीच भाग नाही का? आहे, पण रक्कम किती यापेक्षा ती कधी मागतात याचा. जुलै म्हणजे बियाण्याच्या बॅगा आणल्या, डीएपी आणलं, पेरणीचं ट्रॅक्टरभाडं दिलं, पोरांच्या वह्या-पुस्तकं झाली, आणि जुनं सोयाबीन तर कधीच विकून खाल्लं. वर्षातला सगळ्यात कडकीचा महिना आणि विम्याची मुदत साधारण त्याच महिन्याच्या शेवटी. केनियात ऊस शेतकऱ्यांवर एक प्रयोग झाला होता तो मला फार आवडतो. तोच विमा, काही जणांना म्हटलं आत्ता पैसे भरा, तर फक्त ५ टक्क्यांनी घेतला. ३० टक्के सूट दिली तरी ६ टक्के. आणि काही जणांना म्हटलं ऊस गेल्यावर कारखान्याच्या बिलातून व्याजासकट कापून घेऊ, तर ७२ टक्के लोक तयार! आपल्याकडच्या कारखान्यांच्या बिलातून काय काय कापतात ते बघता ही गोष्ट आपल्याला शिकवायला केनियाची गरज नव्हती, पण सोयाबीनला बिल देणारा कारखाना नाही, ते आडतीवर जातं, म्हणून हप्ता आधीच लागतो.

तुमचा पैसा इथे कामाला येऊ शकतो, फक्त डिनरचं बिल हा शब्द परत काढू नका हो. बाबांनी त्यात ऐकलं ते असं, की माझ्या वर्षाच्या चिंतेची किंमत हिच्या एका जेवणाएवढी. त्याऐवजी म्हणा, आत्ता मी भरते, दिवाळीला सोयाबीन विकलं की मला परत द्या. आणि खरंच परत घ्या. पैसे त्यांचे असले की पावती ते जपून ठेवतील, कापणी प्रयोगाला जाऊन उभे राहतील.

एक गोष्ट मात्र विम्याकडून मागू नका, ती म्हणजे भाव. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात त्याच्या कितीतरी खाली विकावं लागलं, पुढच्या वर्षी हमीभाव ५,३२८ झाला. पीक चांगलं आलं आणि भावात मेलं, हे बाबांनी अलीकडे जास्त सोसलंय. त्यावर या विम्यात एक पैसा नाही. बाबा म्हणाले की विमा असून तरी काय उपयोग, तर आधी विचारा की राग पिकाचा आहे का भावाचा.

तर यंदा भेटायला जाल तेव्हा फॉर्म घेऊन जाऊ नका, तालुका कृषी कार्यालयातून मंडळाचे सात वर्षांचे आकडे घेऊन जा आणि बाबांना म्हणा, कोणत्या वर्षी आपलं किती पोतं झालं ते सांगा, समोरासमोर मांडू. त्यांना सगळी वर्षं तोंडपाठ असतील बघा. मग भरायचं ठरलं तर जे स्थानिक नुकसानीचं कलम जीआरमध्ये असेल ते नीट वाचून घ्या, १४४४७ हा विम्याचा टोल फ्री नंबर दोघांच्याही मोबाईलमध्ये सेव्ह करा आणि ७२ तासात कळवायचं काम तुमच्याकडे घ्या, पुण्यात रेंज असते. शेवटच्या दोन दिवसांवर ठेवू नका, सर्व्हर बसतो. आणि सगळं बघून पण बाबा नकोच म्हणाले, तर खरिपाचा विषय तिथेच सोडा. सोयाबीननंतर हरभरा करत असतील तर रब्बीचा विमा दीड टक्क्यात आहे, हरभऱ्याची मुदत साधारण १५ डिसेंबरपर्यंत असते, आणि तेव्हा आडतीचे पैसे हातात आलेले असतात, त्या वेळी परत विचारून बघा.